आजची परवडणारी स्पोर्ट्स कार उद्या सोनं होईल का? दुकानाचा पैसा लावण्याआधी हा हिशोब बघा



मागच्या महिन्यात रविवारची बॅच संपली आणि एक मुलगा मागे थांबला. वय २६. वाळूजच्या एका कंपनीत चार वर्षं नोकरी केलेली, आता स्वतःचं कार वॉशिंग आणि डिटेलिंगचं सेंटर टाकायचंय. नऊ लाख जमवलेत. त्यातले तीन लाख वडिलांच्या पीएफचे. मला वाटलं मशीनबद्दल विचारेल, जागेच्या भाड्याबद्दल विचारेल. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि एका गाडीचा फोटो दाखवला. लाल रंगाची स्कोडा लॉरा आरएस, २०१२ चं मॉडेल, मागणी साडेसहा लाख.

"सर, सेंटर सहा महिन्यांनी टाकतो. आधी ही घेतो. आता अशा गाड्या बनतच नाहीत. पाच वर्षांत डबल होईल."

मी त्याला लगेच "वेडा आहेस का" असं म्हटलं नाही. कारण २०१८ मध्ये हाच वेडेपणा मी स्वतः केलाय, आणि तोही दुकानाच्या पैशातून. त्याचा पूर्ण हिशोब पुढे देतोय, काही न लपवता.

आधी उत्तर सांगून टाकतो. आजच्या परवडणाऱ्या स्पोर्ट्स कारपैकी काही नक्की संग्रहाच्या होतील. बहुतेक होणार नाहीत. आणि ज्या होतील, त्यांच्यात मालकाच्या हातात शेवटी किती उरेल हा प्रश्न वेगळाच आहे. भाव वाढणं आणि नफा होणं या दोन गोष्टी आहेत. आजचा सगळा लेख या एका वाक्यावर आहे.

हा प्रश्न आपल्या शहराचाच आहे

स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्याला मुंबई-दिल्ली आठवते. पण बघा, ज्या गाडीभोवती हा प्रश्न फिरतोय ती आपल्या घरची आहे. स्कोडाचा शेंद्र्याचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला आणि तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी होती ऑक्टाव्हिया. जालना रोडवरून जाताना शेंद्र्याकडे बोट दाखवून "ही गाडी इथे जोडतात" असं सांगणारी आमची पिढी आहे.

२००४ मध्ये त्याच ऑक्टाव्हियाची आरएस आवृत्ती भारतात आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० हॉर्सपॉवर, हाताने टाकायचा गिअर. ज्या काळात आपल्याकडे सगळे "किती देती?" विचारत होते, त्या काळात ही गाडी किती पळते हे विचारायला लावणारी होती. पुढे २०११ मध्ये लॉरा आरएस आली, २०१७ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २३०. मग २०२० मध्ये आरएस २४५ आली, पण ती बाहेरून तयार होऊन आली आणि फक्त २०० गाड्या. किंमत ३५.९९ लाख, एक्स-शोरूम. ऑक्टोबर २०२५ मध्ये परत आरएस आली. या वेळी फक्त १०० गाड्या, किंमत ४९.९९ लाख. बुकिंग उघडलं आणि बघता बघता संपलं.

म्हणजे साधी ऑक्टाव्हिया शेंद्र्यात जोडली गेली आणि सगळ्यात दुर्मिळ ऑक्टाव्हिया जहाजातून आली. ५० लाखांच्या गाडीला "परवडणारी" म्हणावं का, हा प्रश्न तुम्ही मनातल्या मनात विचारला असेल. बरोबर आहे. जर्मनीतल्या मोठ्या स्पोर्ट्स गाड्यांशी तुलना केली की ती परवडणारी वाटते. आपल्या बजेटशी तुलना केली की नाही. म्हणून तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी हा खेळ सेकंड हँड बाजारातच असतो. पाच ते दहा लाखांच्या जुन्या आरएस, पोलो जीटी, पुंटो अबार्थ.

आपल्या शहराची गाडीची हौस देशाला माहीत आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजकांनी आणि डॉक्टर-बिल्डर मंडळींनी मिळून एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या. ६५ कोटींच्या आसपासचा व्यवहार. मी तेव्हा कॉलेजात होतो, रस्त्यावर उभं राहून बघितलंय. आज लोक ती गोष्ट श्रीमंतीची म्हणून सांगतात. मी बॅचमध्ये ती खरेदीची गोष्ट म्हणून सांगतो. त्या लोकांनी एकत्र येऊन सौदा केला, बँकेकडून व्याजदरात सवलत मिळवली आणि शहराचं नाव देशभर छापून आणलं. "ही गुंतवणूक आहे, दहा वर्षांनी डबल होईल" असा हिशोब त्या सौद्यामागे नव्हता. हौस होती, शहराच्या नावाची जाहिरात होती, आणि तिचा खर्च परवडत होता. आपली गडबड इथे होते. आपण हौसेला गुंतवणुकीचा शर्ट घालतो, म्हणजे घरात कुणी विचारलं तर उत्तर तयार.

दुर्मिळ आहे म्हणून महाग होईल? नाही

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. "सर, फक्त इतक्याच बनल्या आहेत" हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय.

सॅन स्टॉर्म नावाची गाडी आठवते का? नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनलेली. दोन सीटची, छप्पर काढता येणारी, फायबरची बॉडी, आत रेनॉचं १.२ लिटर इंजिन, ६० हॉर्सपॉवरच्या आसपास. दिसायला गोड, बनल्या अगदी मोजक्या. दुर्मिळतेच्या हिशोबाने ती आज सोन्याच्या भावाने जायला पाहिजे होती. पण तिच्यासाठी रांग लागलेली दिसत नाही. का? कारण नव्वदच्या दशकातल्या पोरांच्या खोलीत सॅन स्टॉर्मचं पोस्टर नव्हतं. कुणी तिच्यासाठी झुरलं नाही.

आता उलटं उदाहरण घ्या. यामाहा आरएक्स १००. १९८५ पासून १९९६ पर्यंत बनली, भरपूर बनली, गल्लोगल्ली होती. दुर्मिळ अजिबात नाही. तरी आज चांगल्या अवस्थेतली, मूळ पार्ट असलेली आरएक्स लाखाच्या वर मागतात. कारण बनल्या भरपूर, पण उरल्या कमी. बहुतेक गाड्या पोरांनी पिळून काढल्या, सायलेन्सर कापले, टाक्या रंगवल्या, शेवटी भंगारात दिल्या. आणि तिच्यासाठी झुरलेली पोरं आज पंचेचाळीस-पन्नाशीची, हातात पैसा असलेली माणसं आहेत.

तर पहिला धडा: किती बनल्या हे विचारू नका. चांगल्या किती उरल्या आणि त्यांच्यासाठी झुरणारे किती, हे विचारा.

याच कसोटीवर कंपनीने स्वतः मोजून बाजारात आणलेल्या १०० किंवा २०० गाड्या लावून बघा. त्या विकत घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे की ही "कलेक्टर" गाडी आहे. म्हणून प्रत्येक जण ती कव्हरमध्ये ठेवतो, पावसात काढत नाही, सर्व्हिसची प्रत्येक पावती जपतो. पंधरा वर्षांनी काय होईल? १०० पैकी बहुतेक गाड्या चकाचक असतील. सगळ्यांनीच आंबे पिकायला ठेवले तर त्या दिवशी बाजारात आंब्याचा भाव काय राहतो, हे मोंढ्यातल्या कुणालाही विचारा. भाव चांगला राहीलही, नाही म्हणत नाही. पण आरएक्ससारखी उडी त्यात सहसा नसते, कारण नासाडीच झालेली नाही.

जगातही हेच दिसतं. माझदाची मियाटा ही छोटी, स्वस्त, दोन सीटची स्पोर्ट्स कार १९८९ मध्ये आली. लोकांचं तिच्यावर अफाट प्रेम. पण २०१६ पर्यंत दहा लाख बनल्या आणि आजही नवीन मिळते. मग साध्या जुन्या मियाटाला कोण वेडा भाव देणार? त्याउलट होंडा एस २०००. १९९९ ते २००९, मग बंद. टर्बो नाही, फक्त हाताचा गिअर, इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत फिरायचं. तसं इंजिन पुन्हा कुणी स्वस्तात बनवलं नाही. कमी चाललेल्या एस २००० आज अमेरिकेत मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने जातात.

भाव कशाने चढतो? चार प्रश्न विचारा

एक: तिच्यासाठी झुरणारा आता कमावता झालाय का? २००४ मध्ये जो मुलगा दहावीत होता आणि आरएस बघून सायकल थांबवायचा, तो आज ३६-३७ वर्षांचा आहे. कदाचित चिकलठाण्यात त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. संग्रहाच्या बाजारात गिऱ्हाईक हाच असतो. गाडी बाजारात आल्यावर साधारण २० ते ३० वर्षांनी भाव हलायला लागतो, तो म्हणूनच.

दोन: तशी गाडी परत बनणार आहे का? पहिली आरएस आणि लॉरा आरएस हाताच्या गिअरच्या होत्या. २०१७ पासून आलेल्या सगळ्या आरएस ऑटोमॅटिक. नवीन गाडी जास्त वेगवान आहे यात वाद नाही. पण हाताने गिअर टाकायची मजा कमी कमी होत चालली आहे, आणि इलेक्ट्रिक गाडीत तर गिअर टाकायचा प्रश्नच नाही. जी मजा संपते तिची किंमत नंतर कळते. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीला तिच्या हयातीत कुणी विचारलं नाही. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि सगळ्यांचे डोळे भरून आले.

तीन: दहा वर्षांनी ती दुरुस्त होईल का? जुन्या आरएक्सचं कार्बोरेटर आपला मिस्त्री डोळे झाकून उघडतो. आजच्या गाडीत डझनभर सेन्सर, तेवढेच छोटे कॉम्प्युटर, मोठा स्क्रीन आणि त्यात सॉफ्टवेअर. इंजिन ठणठणीत, पण एक मॉड्यूल मेलं आणि कंपनीने ते बनवणं बंद केलं, तर गाडी शोभेची. त्यात देशभर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलंय. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि गॅस्केट त्या पेट्रोलचा विचार करून बनलेले नाहीत, ते वेळेत बदलावे लागतात.

चार: कागद आणि मूळपणा आहे का? संग्राहक पहिल्यांदा बोनेट उघडत नाही, फाइल उघडतो. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर जुळतो का, हायपोथिकेशन उतरवलंय का, रंग मूळ आहे का, सर्व्हिसच्या नोंदी आहेत का. एमएच २० ची पहिल्या मालकाची फाइल असलेली गाडी आणि चार राज्यं फिरून आलेली तीच गाडी, यात लाखांचा फरक पडतो. आणि आपली पोरं गाडी घेतली की पहिलं काम काय करतात? एक्झॉस्ट बदलतात, रीमॅप मारतात, काळी फिल्म लावतात. पैसे घालून किंमत कमी करण्याचा हा उत्तम मार्ग.

या चार प्रश्नांवर महाराष्ट्रात बनलेल्या दोन गाड्या मला बऱ्या वाटतात. एक, रांजणगावच्या कारखान्यातली पुंटो अबार्थ. २०१५ मध्ये ९.९५ लाखांना आली, १४५ हॉर्सपॉवर, हाताचा गिअर. तेव्हा फारशी खपली नाही, मग फियाटनेच आपल्याकडे गाशा गुंडाळला. दुसरी, चाकणची पोलो जीटी टीएसआय. पोलो २०२२ मध्ये बंद झाली. बनल्या खूप, पण जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पोराने तिला हात लावलाय, त्यामुळे मूळ अवस्थेतली सापडणं दिवसेंदिवस अवघड. पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस तर या यादीत आहेच. ही माझी मतं आहेत, सल्ला नाही. आणि "बऱ्या वाटतात" याचा अर्थ "पैसे लावा" असा घेऊ नका. का, ते आता सांगतो.

माझी आरएस: भाव वाढला, मी बुडालो

गारखेड्याला माझं हार्डवेअर-इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, तुम्हाला माहीत आहेच. २०१८ च्या उन्हाळ्यात माझ्याकडे दिवाळीचा माल भरायला ठेवलेले पैसे होते. तेव्हाच २००५ ची आरएस विकायला निघाली. २ लाख ८० हजार. दहावी-अकरावीतलं माझं स्वप्न. बायकोला सांगितलं, "ही गुंतवणूक आहे." तिने विचारलं, "मग दुकान काय आहे?" मी हसण्यावारी नेलं.

चार वर्षांत त्या गाडीवर काय गेलं ते वहीत लिहून ठेवलं होतं. बघा:

- नावावर करणं आणि पहिला विमा: २२,०००
- टर्बोचं काम: ४८,०००
- शॉकअब्झॉर्बर, बुश, सस्पेन्शन: ३६,०००
- चार टायर: २८,०००
- डेंटिंग-पेंटिंग: ४५,०००
- एसी: १४,०००
- सर्व्हिसिंग, चार वर्षं: ४०,०००
- पुढच्या तीन वर्षांचा विमा, पीयूसी: २४,०००
- १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण, पर्यावरण कर, एजंट: ९,०००

बेरीज २ लाख ६६ हजार. पेट्रोल यात धरलेलंच नाही. म्हणजे गाडी मला ५ लाख ४६ हजारांना पडली.

२०२२ मध्ये ती मी ४ लाख १० हजारांना विकली. मित्रांनी पाठ थोपटली. २.८० ची गाडी ४.१० ला, म्हणजे ४६ टक्के वाढ. मीपण दोन दिवस हवेत होतो. तिसऱ्या दिवशी वही उघडली. १ लाख ३६ हजारांचा तोटा.

आणि हा अर्धाच तोटा आहे. तेच २ लाख ८० हजार दुकानात असते तर? माझ्या मालावर सरासरी १२ टक्के मार्जिन सुटतं आणि वायर-स्विच-पाइपचा माल वर्षातून चार वेळा फिरतो. म्हणजे वर्षाला १ लाख ३४ हजारांच्या आसपास ढोबळ नफा. उधारी, खर्च, न खपलेला माल धरून त्याचा अर्धा सोडून द्या. तरी वर्षाला ६७ हजार, चार वर्षांत २ लाख ६८ हजार. गाडीने १ लाख ३६ हजार खाल्ले आणि दुकानाने जे दिलं असतं ते वेगळंच गेलं. दोन्ही मिळून चार लाखांच्या वर.

पण खरी चटका लावणारी गोष्ट आकड्यात नाही. त्या दिवाळीच्या आधी एक जुने कॉन्ट्रॅक्टर आले. माझ्या वडिलांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. त्यांना तीन घरांच्या वायरिंगचा पूर्ण माल एका वेळी पाहिजे होता. माझ्याकडे निम्माच होता. होलसेलरकडे रोख द्यायला पैसे नव्हते, उधारीवर द्यायला तो चार दिवस थांब म्हणाला. कॉन्ट्रॅक्टर काका बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे बघत म्हणाले, "गाडी छान आहे रे," आणि निघाले. ते काम दुसऱ्या दुकानात गेलं. पुढची तीन वर्षं त्यांची सगळी कामं तिकडेच गेली. वडील त्या रात्री जेवताना काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

गाडीत मजा आली का? हो, खूप आली. पावसाळ्यात पहाटे दौलताबादच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये तो टर्बो उघडला की जे व्हायचं, ते मी आजही विसरलेलो नाही. त्या मजेची किंमत चार लाख होती. मला परवडत असती तर तक्रार नव्हती. ती दुकानाने भरली, ही चूक.

नियम माहीत असू द्या

एक, कार १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, सोबत पर्यावरण कर. २० वर्षांपुढच्या कारसाठी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये नूतनीकरणाची फी १०,००० रुपये केली आहे. गाडी जितकी म्हातारी, तितकं सांभाळणं महाग.

दोन, "व्हिंटेज झाली की सवलत मिळेल" असं कुणी सांगितलं तर तारीख विचारा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेलं वाहनच व्हिंटेज. त्याला "व्हीए" मालिकेतला वेगळा नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि ते रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. २००४ ची आरएस २०५४ मध्ये तिथे पोहोचेल. तोपर्यंत तुमच्या गल्ल्यावर तुमचा नातू बसलेला असेल.

तीन, जुन्या गाड्या घेऊन विकायचा धंदाच करायचा म्हणाल, तर जीएसटी लागू होतो. डिसेंबर २०२४ च्या कौन्सिलच्या निर्णयानंतर नोंदणीकृत व्यावसायिकाला जुन्या गाडीच्या मार्जिनवर १८ टक्के भरावे लागतात. लक्षात घ्या, पूर्ण किमतीवर नाही, मार्जिनवर. घरातली एखादी गाडी विकणाऱ्या सामान्य माणसाला हा कर नाही. पण फर्मच्या नावावर गाडी घेऊन तिचा घसारा दाखवला असेल तर विकताना हिशोब बदलतो. गाडी कुणाच्या नावावर घ्यायची हे घेण्याआधी सीएला विचारा, नंतर नाही.

मग पैसा कोण कमावतो?

माझी वही परत बघा. २ लाख ६६ हजार कुणाकडे गेले? टर्बोवाला, टायरवाला, पेंटर, एसीवाला, विमा एजंट, आरटीओ एजंट. मी सोडून सगळ्यांनी त्या गाडीवर पैसे कमावले, आणि त्यातल्या कुणीही भाव वाढायची वाट बघितली नाही.

हीच आपल्यासारख्यांची जागा आहे. आपल्या शहराकडे ते आहे जे मोठ्या शहरांनासुद्धा सहज मिळत नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथे चाळीस वर्षांत तयार झालेले हात. टर्नर, मोल्डर, फायबरवाले, रबर पार्ट बनवणारे, शिलाईवाले. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ चा, तेव्हापासून छोट्या पार्टची कामं इथल्या शेडमध्ये होतात. कंपनीने बंद केलेली दरवाज्याची रबर बीडिंग, तुटलेली क्लिप, फाटलेल्या सीटचं मूळ नक्षीचं कापड, हे जो नीट बनवून देईल त्याला पुण्या-मुंबईचा संग्राहक कुरिअरने ऑर्डर देईल.

आणखी सोपं काम सांगतो. जुनी गाडी घेण्याआधीची तपासणी. पेंटची जाडी मोजायचं मीटर, स्कॅनर, एक अनुभवी मिस्त्री आणि स्वच्छ लिहिलेला चार पानांचा रिपोर्ट. एका गाडीचे २,५०० रुपये घेतले आणि महिन्याला १२ गाड्या तपासल्या तर ३०,००० होतात. त्यात अडकलेलं भांडवल किती? एखाद्या टर्बोच्या कामाएवढंसुद्धा नाही. आणि भाव चढो की पडो, तपासणी लागतेच.

तरीही गाडी घ्यायचीच असेल तर

घ्या. हौस मारून धंदा होत नाही, माणूस कडू होतो. फक्त पैशाचे तीन डबे वेगळे ठेवा. पहिल्या डब्यात धंद्याचं खेळतं भांडवल. दुसऱ्यात सहा महिन्यांचा घरखर्च आणि दुकानाचं भाडं. हे दोन भरल्यावर जे उरेल तो तिसरा, हौसेचा. गाडी तिसऱ्या डब्यातूनच. आणि तिसऱ्या डब्यात गाडीच्या किमतीएवढेच आणखी पैसे असू द्या, कारण माझ्या वहीत दुरुस्ती आणि देखभाल जवळजवळ किमतीएवढीच निघाली.

त्या मुलाला मी हेच सांगितलं आणि वही दाखवली. तो बराच वेळ आकडे बघत बसला. मग म्हणाला, "सर, पण पाच वर्षांनी खरंच डबल झाली तर?"

मी म्हटलं, होऊ शकते. ती लाल लॉरा हाताच्या गिअरची आहे, तशी परत बनणार नाही, भाव चढेलही. मी ज्योतिषी नाही. पण पीएफचे तीन लाख वडिलांनी तुला गाडीसाठी दिलेत का सेंटरसाठी, एवढं एकदा त्यांनाच विचार.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. बीड बायपासला जागा बघितली, डिपॉझिट दिलं, प्रेशर वॉशरचं कोटेशन घेतलं. ती लॉरा नाशिकच्या कुणीतरी नेली. आवाजावरून कळत होतं, त्याला वाईट वाटलंय. वाटू दे. मलाही वाटलं असतं.

आजचा घरचा अभ्यास: एक वही घ्या. तुम्ही "गुंतवणूक" म्हणून घेतलेली कुठलीही एक वस्तू निवडा. गाडी, प्लॉट, सोनं, महागडं मशीन, काहीही. घेतलेली किंमत, त्यावर झालेला प्रत्येक खर्च आणि तोच पैसा धंद्यात फिरला असता तर काय मिळालं असतं, हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहा. घरातल्या एका माणसाला दाखवा. बाकीचं पुढच्या रविवारी बोलू.